गावाचा स्वतःचा रेडिओ कसा सुरू करायचा: आधी मोबाईलवर, मग जमलं तर एफएमवर

आपल्या खानदेशात केळीच्या पट्ट्यात, म्हणजे रावेर यावल चोपडा साइडला, सकाळी उठल्याबरोबर माणूस पहिले काय पाहतो तर व्हॉट्सॲपवर आलेला भाव. तो कोणी टाकला, बाजार समितीच्या बोर्डाचा आहे का कोण्या व्यापाऱ्याने सोडलेला आहे, नवतीचा (नव्या लागवडीचा) आहे का पिलबागचा (जुन्या बागेच्या पिलांवर घेतलेल्या पिकाचा), कालचा आहे का परवाचा, काहीच कळत नाही आणि तरी त्याच्यावर पूर्ण बागेचा सौदा ठरतो. गिरणेच्या पाटाला आवर्तन कधी सुटणार हे पाटकऱ्याला माहीत असतं, पण टोकाच्या शेतकऱ्याला ते पाणी निघून गेल्यावर कळतं. तिकडे नंदुरबारच्या धडगाव अक्कलकुव्याला तर दाखल्यांच्या कॅम्पची तारीख पाड्यावर पोचेपर्यंत कॅम्प उठून गेलेला असतो. माहिती असते हो, कोणाकडे तरी असतेच, पण ती सगळ्यांच्या कानावर पडेल आणि कोणालाही उठून विचारता येईल अशी एक जागा गावात नसते. टीव्हीवर तर आपण पूर आला नाहीतर मोठा अपघात झाला तरच दिसतो.

अशी जागा गावाने स्वतः तयार करायची, हे सांगायला हे लिहितोय. रेडिओ म्हटलं की लोकांना लगेच टॉवर आणि लायसन्स दिसतं, पण तो शेवटचा भाग आहे. पहिला भाग आहे माइक, आणि तो माइक गावातल्या कोणालाही धरता येईल अशी व्यवस्था. यात एकच गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, की चॅनेल आपलं नाही, आपण फक्त दार उघडून बसलोय. ज्या दिवशी चारच जणं बोलायला लागली आणि बाकीचं गाव ऐकायला लागलं त्या दिवशी तो रेडिओ बाकीच्यांसारखाच झाला समजा.

ही कल्पना काही आत्ताची नाही. अमेरिकेत 1970 च्या दशकात केबल टीव्ही पसरला तेव्हा तिथल्या बऱ्याच शहरांनी केबल कंपन्यांना अट घातली की आमच्या रस्त्यांतून वायरी नेताय ना, मग एक चॅनेल लोकांसाठी मोकळं ठेवा, कॅमेरे द्या, स्टुडिओ द्या, म्हणजे शहरातलं कोणीही येऊन शिकेल आणि स्वतःचा कार्यक्रम करेल. 1984 च्या त्यांच्या केबल कायद्यात तशी चॅनेलं ठेवायला लावायची सोय पण झाली. आपल्याकडे केबलवाल्यांवर अशी अट नाही, आपला रस्ता रेडिओचा आहे. 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, मग 2002 च्या धोरणात शिक्षण संस्थांना छोटे रेडिओ चालवायची परवानगी मिळाली, 2004 ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातून पहिलं स्टेशन सुरू झालं आणि 2006 पासून गावपातळीवर काम करणाऱ्या ना-नफा संस्थांनाही दार उघडलं. तेलंगणातल्या माचनूर गावात 2008 ला संघम रेडिओ सुरू झाला, तो दलित शेतकरी बायका स्वतः चालवतात. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. म्हणजे दुष्काळी गावातल्या, फार न शिकलेल्या बायका हे करू शकतात तर आपल्याकडे न व्हायला कारण नाही. आणि आपल्या मातीत तर साने गुरुजी अमळनेरला होते तेव्हा छात्रालयातल्या पोरांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे, त्याला कोणतं मशीन लागलं नव्हतं.

आता कामाचं.

सगळ्यात आधी जागा ठरवा, यंत्र नंतर घ्या. जागेवर मी मुद्दाम जास्त लिहितोय कारण अर्धे उपक्रम इथेच बंद पडतात. रेकॉर्डिंग कोणाच्या घरी ठेवलं की तो रेडिओ त्या घरचा होतो, त्या घराचं ज्यांच्याशी बांधावरून भांडण आहे ते येत नाहीत, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतली म्हातारी त्या ओट्यावर पाय ठेवत नाही, तुम्ही कितीही या या म्हणा. पक्षाच्या संपर्क कार्यालयात तर अजिबात नको, ते कितीही चांगली खुर्ची टेबल देत असले तरी. वाचनालयाची खोली, जिल्हा परिषद शाळेचा एखादा वर्ग सुट्टीनंतर, बचत गट जिथे बसतो ती जागा, अंगणवाडी, यातलं काहीतरी पाहा. शाळेची खोली घ्यायची तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती दोघांना कागदावर विचारून ठेवा, तोंडी होकार बदलीसोबत निघून जातो. आणि एकच जागा धरून बसू नका, महिन्यातून एकदा माइक घेऊन भिलाटीत, दलित वस्तीत, मळ्यातल्या घरांकडे आणि ऊसतोडीवाले सहा महिन्यांनी परत येतात तेव्हा त्यांच्याकडे जायचंच, असा नियम करून टाका.

माणसं पाच सहा पुरतात. एक जण असा हवा ज्याला गावात सगळे ओळखतात आणि ज्याचं कोणाशी वाकडं नाही, एक कॉलेजचा पोरगा किंवा पोरगी ज्याला लॅपटॉप चालवता येतो, आणि निम्म्या तरी बायका. बायकांचं मी शोभेसाठी म्हणत नाहीये. माइक पुरुषाच्या हातात असला की समोरची वहिनी "तुमच्या भावालाच विचारा" म्हणून आत निघून जाते, आणि तोच माइक बचत गटातल्या ताईच्या हातात असला की ती पाण्याच्या टाकीपासून दारूच्या दुकानापर्यंत सगळं बोलते. वेळ पण बायकांची पाहून ठरवा, दुपारी दोन ते चार बरी पडते, कापूस वेचणी चालू असेल तर रात्रीचं जेवण झाल्यावर.

कार्यक्रम आठवड्याला एक, दहा बारा मिनिटांचा, वार ठरलेला. आठवडे बाजाराच्या आदल्या संध्याकाळी टाका, म्हणजे दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच्यावर बोलणं होतं. रोज करायचा उत्साह येईल पण रोजचं कोणाच्याने निभत नाही, आठवड्याचं वर्षभर चालतं. त्यात काय घ्यायचं ते गावालाच विचारा, तरी सुरुवातीला भाव, पाणी, फवारणी, हरवलं सापडलं, कुठे भरती निघाली, कोणत्या दाखल्याला काय कागद लागतात एवढं ठेवा. त्यातही हरवलं सापडलं टाळू नका. कोणाची शेळी, कोणाचं आधार कार्ड, कोणाची पेनड्राइव्ह, यासाठी लोक शेवटपर्यंत ऐकतात आणि स्वतःहून फोन करतात, आणि एकदा फोन केलेला माणूस पुढे बोलायलाही येतो.

भाव सांगताना पूर्ण सांगा. कोणता बाजार, कोणती तारीख, नवती का पिलबाग का वापसी (हलका माल), बोर्डाचा भाव हा आणि बांधावर या आठवड्यात शेतकऱ्यांना प्रत्यक्षात मिळाला तो हा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ऐकू आले की लोक स्वतः हिशोब करतात, तुम्हाला व्यापाऱ्याविरुद्ध एक शब्द बोलायची गरज नाही. कपाशीवर बोंडअळी किंवा केळीवर करपा, सीएमव्ही (विषाणूचा रोग) याच्यावर बोलायचं तर औषधाचं नाव आणि प्रमाण दुकानदाराच्या तोंडून रेकॉर्ड करू नका. पाल, ममुराबाद, धुळे, नंदुरबार इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथल्या तज्ज्ञाला किंवा आपल्या कृषी सहायकाला फोन लावा, त्यांना प्रमाण दोनदा बोलायला लावा, एकदा पंपाच्या हिशोबाने आणि एकदा एकरी. चुकीचं प्रमाण गेलं तर त्याची भरपाई पुढच्या एपिसोडात दिलगिरी म्हणून होत नाही.

ग्रामसभा हा तर या रेडिओचा हक्काचा विषय आहे. वर्षाला किमान 4 ग्रामसभा घ्याव्याच लागतात, पण किती लोकांना विषयपत्रिका आधी माहीत असते सांगा. सभेच्या आधीच्या एपिसोडात विषय वाचून दाखवा, सभा झाली की ठराव वाचून दाखवा, आणि नंदुरबारच्या पेसा गावांत (आदिवासी भागासाठीचा पेसा कायदा लागू असलेल्या) तर हे अजून महत्त्वाचं कारण तिथे ग्रामसभेचे अधिकारच जास्त आहेत. कोणत्या कामाला किती पैसे आले हे विचारायला माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा आहे, अर्ज कसा लिहायचा हाच एक एपिसोड होऊ शकतो, आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं वाचायचं, त्यावर टोमणा मारायचा नाही. सरपंच किंवा ग्रामसेवकाला त्याच एपिसोडात बाजू मांडायला बोलवायचं, नाही आले तर बोलावलं होतं एवढंच सांगायचं.

भाषा. हे मनापासून सांगतो, रेडिओसारखी भाषा करू नका. आपल्याकडे अहिराणी आहे, लेवा बोली आहे, भिली, पावरी, मावची, तडवी आहे, गुजर वस्तीत गुजरी आहे, आणि माइक समोर आला की हीच माणसं पुस्तकातली मराठी बोलायला जातात आणि दोन वाक्यांत अडकतात. तुम्ही प्रश्नच "यंदा कपाशी कशी शे आप्पा?" असा विचारला की आप्पा सुटतात. पाड्यावर जायचं असेल तर प्रश्न विचारणारा पावरी बोलणाराच पाहिजे, दुभाष्या घेऊन गेलं तर लोक दुभाष्याने ऐकलं तरी चालेल तेवढंच बोलतात.

आणि गाणी. भादव्यातल्या पौर्णिमेला मुली गुलाबाई मांडतात, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गाणी चालतात आणि शेवटी खाऊ ओळखायचा असतो. श्रावणात कानबाईची गाणी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरची गाणी, यातली कितीतरी फक्त साठीच्या पुढच्या बायकांना पाठ आहेत. ही आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा. टिपऱ्यांचा आवाज मोबाईलमध्ये फाटतो म्हणून मोबाईल रिंगणाच्या मध्ये ठेवू नका, चार पाच पावलं लांब, खुर्चीवर घडी केलेल्या शालीवर ठेवा आणि जी आजी गाणं सांगते तिच्या बाजूला त्याचं तोंड करा. गाणं झालं की रेकॉर्डिंग बंद न करता तिला विचारा की हे तुम्ही कोणाकडून शिकलात, माहेर कोणतं. खाऊ ओळखताना पोरींचा जो कालवा होतो तोही कापू नका, गावातल्या ऐकणाऱ्याला सगळ्यात जास्त तेच आवडतं.

रेकॉर्डिंगला साधा मोबाईल चालतो, फक्त खोली नीट करावी लागते. रिकाम्या भिंती आणि पत्र्याचं छत असेल तर आवाज घुमतो, म्हणून दोन बाजूंना दोरी बांधून गोधड्या टाका आणि खाली सतरंजी. पंखा बंद, फ्रिज असेल तर त्याचा प्लग काढा, मोबाईल एरोप्लेन मोडवर टाका नाहीतर नेमका महत्त्वाच्या वाक्याला कोणाचा तरी फोन येतो. मोबाईल तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा तिरपा, सरळ समोर धरला तर प, फ, भ बोलताना फुंकर बसते. बोलणं सुरू व्हायच्या आधी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं आणि तेवढी शांतता रेकॉर्ड होऊ द्यायची. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात या दहा सेकंदांवरून मागची घरघर कमी करता येते. शेतात रेकॉर्ड करताना वारा मारतो, तेव्हा माणसाला वाऱ्याकडे पाठ करून उभं करा, माइकवर हातरुमालाची एक घडी. वायरचा कॉलर माइक घेतलात तर अजून चांगलं, त्याला फार पैसे लागत नाहीत.

प्रश्न छोटे विचारा आणि मग थांबा. गावातला माणूस पहिलं वाक्य बोलून दम घेतो आणि खरं ते दुसऱ्या वाक्यात बोलतो, त्या मधल्या क्षणात आपणच "बरोबर बरोबर" करत पुढचा प्रश्न घातला की ते दुसरं वाक्य गेलं. सुरुवातीला त्यांचं नाव, गाव आणि "हे गावात ऐकवलं तर चालेल ना" याचं उत्तर त्यांच्याच आवाजात घ्या. नंतर त्यांनी सांगितलं काढून टाका तर काढून टाकायचं, वाद घालायचा नाही.

काही गोष्टी पहिल्या दिवशीच भिंतीवर लिहून लावा. एकावर आरोप झाला तर त्याची बाजू घेतल्याशिवाय एपिसोड जाणार नाही. लहान मुलावर किंवा बाईवर अत्याचार झाला असेल तर नाव, घर, शाळा, ओळखू येईल असं काहीही नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. जातीवरून, धर्मावरून चिडवणारं काही नाही. निवडणुकीत उमेदवारांना एक तर सगळ्यांना सारखी मिनिटं, नाहीतर कोणालाच नाही. सिनेमातली गाणी वापरायची नाहीत, त्यांचे हक्क दुसऱ्याचे असतात, आणि आपल्याकडे वहीगायनवाले, भजनी मंडळं, बँडवाले असताना ती लागत पण नाहीत. हे नियम मोठ्या अक्षरात लावले की कोणी दबाव आणला तर बोट दाखवायला जागा राहते. दबाव येतोच, कधी गोड बोलून येतो.

पोचवायचं कसं. नुसतं व्हॉट्सॲप धरलं तर ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांच्यापर्यंतच ते जात नाही. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 नंबर बसतात आणि तुमचा नंबर समोरच्याने सेव्ह केलेला असेल तरच मेसेज पोचतो, म्हणून नंबर सेव्ह करायला आधी घरोघर सांगावं लागतं. फाईल मोनो आणि 64 केबीपीएस एमपी3 करा, दहा मिनिटं पाच एमबीच्या आत बसतात, रेंज कमी असलेल्या गावालाही उतरते. बाकी मोबाईल दुकानवाला मेमरी कार्डात गाणी भरून देतो ना, त्यालाच म्हणा आपला एपिसोड पण टाकत जा. बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर ब्लूटूथ स्पीकर, बचत गटाच्या मीटिंगला आधी दहा मिनिटं ऐकणं आणि मग हिशोब, केळी कापणीच्या टोळीच्या गाडीत पेनड्राइव्ह. ग्रामपंचायतीचा किंवा मंदिराचा भोंगा वापरायचा असेल तर परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 तो बंदच ठेवावा लागतो. ऐकवून झालं की दोन मिनिटं थांबा आणि लोक काय बोलतात ते लिहून घ्या, पुढच्या आठवड्याचा अर्धा कार्यक्रम तिथेच मिळतो.

पैशाचं थोडक्यात. कोणा एकाचे मोठे पैसे घेऊ नका, खूप जणांचे छोटे घ्या, आणि जमा खर्च दर तिमाहीला एपिसोडातच वाचून दाखवा.

वर्षभर हे खंड न पडता चाललं तर मग एफएमचा विचार करा. परवानगी एकट्या माणसाला, राजकीय पक्षाला किंवा नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला मिळत नाही. शाळा कॉलेज, विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र किंवा निदान 3 वर्षं जुनी नोंदणीकृत ना-नफा संस्था लागते, म्हणून गावात तशी संस्था असेल तर तिला सोबत घ्या, नसेल तर आजच नोंदणीच्या मागे लागा म्हणजे 3 वर्षं मोजायला सुरुवात होईल. अर्ज केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे, ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर. ट्रान्समीटर साधारण 100 वॅटपर्यंतचा असतो आणि सपाटीला दहा पंधरा किलोमीटर ऐकू जातो. एफएमचा आवाज डोंगर ओलांडत नाही, त्यामुळे तापीकाठच्या सपाट गावांना जे जमतं ते सातपुड्याच्या दरीतल्या पाड्यांना तसंच जमणार नाही, तिथे अँटेना कुठे लावायची हे आधी दोन चार टेकड्यांवर फिरून पाहावं लागतं. कार्यक्रमातला निदान अर्धा भाग गावातल्या लोकांनी बनवलेला असावा लागतो, तो तुमच्याकडे तोवर तयारच असेल. स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या मात्र आहे तशा लावता येतात, आणि हवामान, पाणी, वीज, सण उत्सव, परीक्षा, साथीच्या सूचना याला बातमी धरत नाहीत, म्हणजे आपलं बहुतेक काम त्यात बसतं. जाहिराती तासाला 12 मिनिटांपर्यंत चालतात.

एफएमवर गेल्यावर वाजवलेलं सगळं 3 महिने सांभाळून ठेवणं बंधनकारक आहे, म्हणून फाईलींची सवय आत्तापासूनच लावा. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग गाव आणि विषय, म्हणजे त्या आपोआप ओळीने लागतात. कापलेल्या एपिसोडासोबत मूळ न कापलेली फाईलही ठेवा, एक प्रत लॅपटॉपवर आणि एक हार्डडिस्कवर वाचनालयाच्या कपाटात, आणि कपाटाची चावी दोन वेगवेगळ्या वस्तीतल्या दोन माणसांकडे.